अपघातात सापडलेली हायब्रीड गाडी : दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

वस्तू मोडली म्हणजे ती दुरुस्त करून पुन्हा वापरावयाची, ही आपल्या वाडवडिलांची रीत. भांड्यास कल्हई, पाट्यास टाकी, छत्रीस नवी काडी, जोड्यास नवा तळ. या रीतीत काटकसर होती आणि वस्तूविषयी थोडी कृतज्ञताही होती. मोटारगाडी घरी आली तेव्हा हीच रीत तिलाही लागू झाली. अँबॅसडर किंवा फियाट कोठे धडकली, तर ओळखीचा मिस्त्री पत्रा ठोकून सरळ करी, लांबी भरून घाशी, वर रंग मारी, आणि काही दिवसांत तीच गाडी पुन्हा दारात उभी राही.

आता दारात हायब्रीड गाड्या आल्या आहेत. आपल्या देशात २००८ मध्ये होंडाची सिव्हिक हायब्रीड आली, २०१० मध्ये टोयोटाची प्रायस आली. पण त्या मोजक्या घरीच गेल्या. २०२२ मध्ये होंडा सिटी, मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस यांच्या हायब्रीड आवृत्त्या एकामागून एक निघाल्या, आणि मध्यम वर्गातील कुटुंबांनीही त्या घेतल्या. गाड्या वाढल्या तसे त्यांचे अपघातही आलेच. मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो, दुरुस्त करू, आपलीच गाडी आहे. दुसरा म्हणतो, विमा कंपनीस देऊन मोकळे होऊ. तिसऱ्याच्या ओळखीचा कोणी व्यापारी असतो. तो म्हणतो, सुटे भाग विकले तर अधिक पैसे येतील. तिकडे गॅरेजवाला रोज विचारीत असतो, "काय ठरले?"

हा निर्णय घाईने किंवा नुसत्या मायेने घेण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते. त्यात तीन प्रश्न आहेत, आणि ते एका ठराविक क्रमानेच विचारले पाहिजेत. पहिला : ही गाडी पुन्हा पूर्ववत सुरक्षित होऊ शकते काय? दुसरा : त्यास किती खर्च येईल व तो कोण सोसणार? तिसरा : गाडी किंवा तिचे भाग आपल्या हातून सुटल्यावर कोणाच्या जिवावर तर बेतणार नाही ना? पुष्कळ लोक दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतात, तिसरा विचारीतच नाहीत, आणि पहिल्याचे उत्तर रंगाच्या चकाकीवरून ठरवितात.

हायब्रीड म्हणजे काय?

हायब्रीड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. ब्रेक लावताना एरवी उष्णतेत वाया जाणारी शक्ती मोटरच्या द्वारे विजेत बदलून बॅटरीत साठविली जाते आणि गाडी निघताना तीच परत वापरली जाते. या योजनेची पहिली मोठ्या प्रमाणावर निघालेली गाडी म्हणजे जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात विक्रीस आलेली प्रायस. तिच्या दुसऱ्या पिढीतील बॅटरीचा दाब २०१.६ व्होल्ट असे, आणि इन्व्हर्टर नावाच्या यंत्रात तो ५०० व्होल्टपर्यंत वाढविला जाई. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. 'स्मार्ट हायब्रीड' या नावाने विकलेल्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ मारुतीने २०१५ मध्ये सियाझमध्ये बसविलेल्या योजनेत, केवळ १२ व्होल्टची सहायक व्यवस्था असते. त्या गाड्यांस पुढील विजेसंबंधीचे विवेचन फारसे लागू नाही. गाडी कोणत्या जातीची आहे हे प्रथम तिच्या पुस्तिकेत पाहावे. ज्या गाडीत नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील, ती उच्च दाबाची समजावी. हा रंग त्या तारांसाठीच राखलेला आहे.

पहिले काही तास

निर्णयाचा पाया अपघाताच्या दिवशीच घातला जातो. धडक जोराची होऊन एअरबॅग उघडल्या, की बॅटरीला उर्वरित गाडीशी जोडणारे रिले आपोआप तुटावेत, अशी या गाड्यांची रचना असते. परंतु रचना आहे म्हणून ती त्या क्षणी यशस्वी झालीच असेल, असे गृहीत धरू नये. शिवाय ही गाडी चालू असतानाही निःशब्द उभी राहू शकते. आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे, हा समज घातक ठरतो. शक्य असेल तर बंद करण्याचे बटण दाबावे, किल्ली गाडीपासून दूर न्यावी, आणि फाटलेल्या नारिंगी तारेस कोणीही हात लावू नये. बॅटरी तोडल्यानंतरही इन्व्हर्टरमधील कपॅसिटरांत काही मिनिटे वीज शिल्लक राहते. म्हणूनच माहीतगार कारागीर ठरलेला वेळ थांबून, मीटरने तपासून, मगच हातमोजे घालून काम सुरू करतो.

गाडी ओढून नेण्यातही चूक होते. पुढील चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढली, तर त्या चाकांशी जोडलेली मोटर फिरते आणि वीज निर्माण करते. चोरला घाटात किंवा अन्य कोठे आडवाटेला गाडी बंद पडली, की मिळेल त्या ट्रकला दोर बांधण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि सपाट पाठीचे वाहन मागवून चारही चाके वर घ्यावीत. अपघाताने न झालेले नुकसान दोराने होणे, हे फार दुःखदायक.

हाडे

आता पहिला प्रश्न. आजच्या मोटारगाडीस जुन्या जीपप्रमाणे वेगळी चौकट नसते; तळ, खांब, छप्पर आणि पुढचे-मागचे बाहू मिळून एकच सांगाडा बनलेला असतो. धडकेच्या वेळी पुढचा व मागचा भाग चुरडून शक्ती शोषून घेतो, आणि माणसे बसतात तो मधला भाग टिकून राहतो. ही योजना त्या सांगाड्यातील निरनिराळ्या पोलादांच्या बळावर उभी असते. दारांमधील खांबांत व उंबऱ्यांत अतिशय मजबूत जातीचे पोलाद वापरतात. असे पोलाद तापवून सरळ केले, तर दिसावयास ते पूर्ववत दिसते, परंतु त्याचे बळ गेलेले असते. ते बदलावेच लागते, आणि तेही कंपनीने सांगितलेल्या जागी कापून व सांगितलेल्या रीतीने जोडून.

म्हणून नुकसान कोठपर्यंत गेले, हा मुख्य मुद्दा होय. बंपर, बॉनेट, फेंडर, दिवे, रेडिएटर, दरवाजे ही सारी बोल्टने बसविलेली किंवा सहज बदलता येणारी वस्त्रे आहेत. त्यांची नासाडी कितीही भीषण दिसली, तरी तिने भिऊन जाऊ नये. याच्या उलट, बाहेरून थोडी वाकलेली गाडी आत खांबापर्यंत किंवा तळापर्यंत पिळवटलेली असू शकते. दरवाजा वर-खाली लागतो, दोन पत्र्यांमधील फट एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद आहे, काच विनाकारण तडकली आहे, या खुणा पाहाव्यात. पण नजरेवर न थांबता सांगाड्याची मापे यंत्राने घेऊन कंपनीच्या मापांशी ताडून पाहावीत, आणि त्या मापांचा कागद मागून घ्यावा. जो कारखाना असा कागद देऊ शकत नाही, त्याने "गाडी नवीसारखी करून देतो" असे म्हटले तरी त्या बोलण्यास आधार नाही.

एअरबॅगचेही असेच. एकदा उघडलेली एअरबॅग पुन्हा घडी घालून बसविता येत नाही. तिच्याबरोबर ताणलेले सेफ्टी बेल्ट, धडक ओळखणारे सेन्सर आणि बहुधा नियंत्रण-पेटीही बदलावी लागते. हा खर्च मोठा असतो, म्हणून काही ठिकाणी फाटलेले कव्हर शिवून आणि सूचक दिवा निकामी करून गाडी परत दिली जाते. त्या गाडीत पुढच्या आसनावर आपलीच पत्नी किंवा मुलगा बसणार आहे, याचा विचार केला म्हणजे अशी स्वस्ताई कोणास नको होईल.

हृदय

हाडे शाबूत असतील, तर मग हायब्रीडच्या हृदयाकडे वळावे. या गाडीचे महागडे अवयव चार : बॅटरी, इन्व्हर्टर, मोटरी सामावलेला गिअरबॉक्स, आणि या साऱ्यांना जोडणाऱ्या उच्च दाबाच्या तारा. त्यांचे स्थान पाहिले म्हणजे कोणत्या धडकेने काय दुखावते, याचा अदमास येतो. इन्व्हर्टर बहुधा बॉनेटखाली असतो. समोरच्या धडकेत त्याचे कवच तडकू शकते किंवा त्याच्या थंडाव्याचे पाणी गळू शकते. अनेक गाड्यांत बॅटरी मागील आसनाखाली किंवा डिकीत असते. तेथे मागून बसलेली ठोकर अधिक चिंतेची. तारा तळाखालून जातात; गाडी दुभाजकावर चढली असेल किंवा खड्ड्यात घासली असेल, तर वरून काही न दिसताही त्यांचे आवरण सोलले गेलेले असते.

येथे दोन उलट चुका होतात. धडकेनंतर गाडी मुळीच चालू होत नाही, म्हणून "सारी यंत्रणा जळाली" असे समजून लोक ती मातीमोलाने देऊन टाकतात. प्रत्यक्षात संरक्षणासाठी रिले तुटलेले असतात, एखादा फ्यूज गेलेला असतो, किंवा साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असते. दुसरी चूक हिच्या विरुद्ध. गाडी चालू झाली, दोन किलोमीटर फिरली, म्हणून "विजेचे सारे ठीक आहे" असे मानले जाते. आणि पहिल्या पावसात ओल शिरून सोललेल्या तारेतील दोष वर येतो. दोन्ही चुकांवर उपाय एकच : कंपनीच्या निदान-यंत्राने सर्व संगणक-पेट्यांतील नोंदी वाचणे, आणि उच्च दाबाच्या मंडलाचे आवरण मेगरने तपासणे. विजेची कामे करणाऱ्या प्रत्येकास मेगर ठाऊक असतो. तो आवरणातून किती वीज झिरपते ते सांगतो. या दोन तपासण्यांचा लेखी अहवाल हाती आल्याशिवाय दुरुस्तीचा होकार देऊ नये.

बॅटरीची जातही पाहावी. प्रायसच्या बहुतेक आवृत्त्यांत व इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड जातीची बॅटरी आहे. सिटी, ग्रँड व्हिटारा व हायरायडर यांत लिथियमची. लिथियमची पेटी चेपली गेली असेल, तर ती त्या क्षणी शांत राहून काही दिवसांनी पेट घेऊ शकते. अशी गाडी घराच्या पडवीत, गोदामात किंवा इतर गाड्यांच्या रांगेत ठेवू नये; मोकळ्यावर, सुमारे ५० फूट अंतर राखून उभी करावी. निकेलच्या बॅटरीत आगीचे भय कमी, पण तिच्यातील द्रव दाहक क्षार असतो. त्याचा स्पर्श त्वचेस व डोळ्यांस अपायकारक.

बॅटरीवरील आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरच्या हमीकडे बोट दाखवून काही मालक निश्चिंत असतात. ती हमी निर्मितीतील दोषांसाठी आहे. अपघाताने झालेले नुकसान तिच्यात येत नाही. किंबहुना, अनोळखी गॅरेजमध्ये उच्च दाबाच्या भागांशी छेडछाड झाली, तर पुढे हमीविषयी वाद उद्भवतो.

साध्या वाटणाऱ्या कामांतही हायब्रीड वेगळी पडते. तिचा वातानुकूलनाचा कंप्रेसर पुष्कळदा उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्यास विशिष्ट विद्युतरोधक तेलच लागते. गॅस भरणाऱ्याने नेहमीचे तेल घातले, तर तेवढ्यानेच आवरणाचा दोष निर्माण होऊन गाडी अडते. रंग भट्टीत सुकविताना बॅटरीस किती उष्णता चालते, ती आधी उतरवावयाची काय, हेही कंपनीच्या सूचनांत पाहावे लागते. मिस्त्री कितीही कुशल असो, त्याने हे पाहिले आहे काय, असे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे.

हिशेबाची वही

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "होय" आले, तरच दुसरा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. सर्वसमावेशक विमा असेल तर विमापत्रावर एक रक्कम लिहिलेली असते, तिला आय.डी.व्ही. म्हणतात. गाडीच्या विक्री-किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून ती ठरते. नेहमीच्या कोष्टकात एक ते दोन वर्षांच्या गाडीस शेकडा २०, दोन ते तीन वर्षांस ३०, तीन ते चार वर्षांस ४०, आणि चार ते पाच वर्षांस ५० अशी घट धरतात. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या शेकडा ७५ च्या वर गेला, म्हणजे गाडी पूर्ण नुकसानीची समजली जाते.

समजा, गाडीची विक्री-किंमत २० लक्ष रुपये होती आणि विमा घेताना तिचे वय तीन वर्षांहून अधिक पण चारांहून कमी होते. शेकडा ४० घट जाऊन आय.डी.व्ही. १२ लक्ष, तिचे शेकडा ७५ म्हणजे ९ लक्ष. आता समजा, गॅरेजचा अंदाज साडेसहा लक्षांचा आहे : धातूचे व इतर भाग ३ लक्ष, प्लॅस्टिक, रबर व एअरबॅग दीड लक्ष, काचा ५० हजार, मजुरी १ लक्ष, रंगकाम ५० हजार. साध्या विमापत्रात प्लॅस्टिक, रबर व एअरबॅग यांवर शेकडा ५० घसारा कापतात. या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर शेकडा २५. काचेवर काही नाही. आणि रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा हा रंगाचा माल धरून त्याच्या निम्मे. म्हणजे मालकाच्या खिशातून ७५ हजार, पुन्हा ७५ हजार, आणि ६,२५० रुपये, एकूण १,५६,२५० रुपये जातील. शिवाय विमापत्रातील सक्तीची वजावट वेगळी. गाडी उघडल्यावर इन्व्हर्टर तडकलेला निघाला आणि त्याचे पावणेतीन लक्ष वाढले, तर त्यावरील शेकडा २५ मिळून मालकाचा भार सव्वादोन लक्षांवर जाईल. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. परंतु विमा असूनही भार किती पडू शकतो, ते यांवरून दिसेल. ज्यांनी घसारा-माफीची जोड घेतली आहे, त्यांचा हा भार बराच कमी होतो.

या हिशेबात तीन गोष्टी सर्वेक्षकास लेखी विचाराव्यात. शेकडा ७५ ची तुलना घसारा वजा करून करावयाची की न करता? उच्च दाबाची बॅटरी ही शेकडा ५० घसाऱ्याच्या 'बॅटरी' या वर्गात धरली आहे काय? आणि गाडी पूर्ण उघडून पाहण्याची मजुरी, पुढे पूर्ण नुकसान ठरल्यास, कोण देणार? पहिला अंदाज हा बहुधा बाहेरून दिसणाऱ्या मोडतोडीचा असतो. हायब्रीडमध्ये खरा आकडा झाकणे निघाल्यावर कळतो; म्हणून अंतिम निर्णय पुरवणी अंदाजपत्रक आल्यावरच करावा. गाडीवर कर्ज असेल, तर बँकेसही आरंभीच कळवावे; नुकसानभरपाईवर पहिला हक्क तिचा असतो.

ज्यांच्याकडे केवळ तृतीय पक्षाचा विमा आहे, त्यांस स्वतःच्या गाडीचे काहीच मिळत नाही. त्यांनी दुरुस्तीचा पूर्ण खर्च, आणि तशाच वयाच्या, अपघात न झालेल्या गाडीची बाजारातील किंमत, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. दुरुस्त झालेल्या गाडीस पुढे विकताना कमी भाव येतो, हेही त्यात धरावे. दुरुस्तीचा खर्च किमतीच्या निम्म्याच्या पलीकडे जाऊ लागला, की आमच्या मते हात आखडता घेणे शहाणपणाचे.

सुट्या भागांचे गणित

पूर्ण नुकसान ठरले, म्हणजे दोन वाटा असतात. विमा कंपनीने मोड घ्यावी आणि पूर्ण आय.डी.व्ही. द्यावी, किंवा मोडीची किंमत वजा करून उरलेली रक्कम द्यावी आणि मोड मालकाने ठेवावी. दुसऱ्या वाटेत सुटे भाग विकण्याचा मोह असतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. हायब्रीडचा गिअरबॉक्स, इन्व्हर्टर, इंजिन, दरवाजे, दिवे यांस मागणी असते. मोटरीच्या वेटोळ्यांत तांबे असते, चुंबकांत दुर्मिळ धातू असतात, आणि धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम असते. हे भाग लोखंडाच्या वजनाने देऊन टाकणे म्हणजे चांदीची वाटी पितळेच्या भावाने विकणे होय.

परंतु कागदावरची बेरीज आणि हातात येणारा पैसा यांत अंतर असते. वरील उदाहरणात मोडीची किंमत साडेतीन लक्ष ठरली, आणि व्यापाऱ्याने सुट्या भागांचे पाच लक्ष सांगितले, तर दीड लक्षाचा लाभ दिसतो. त्यातून जागेचे भाडे, उतरविण्याची मजुरी, महिनोन् महिने वाट पाहणे, आणि न विकलेला सांगाडा वजा करा. बॅटरी तर ठेवल्याने खराब होते. महिने लोटले की ती आपोआप उतरते, तिच्यातील घटकांचा समतोल जातो, आणि तिचा भाव पडतो. ज्याच्याकडे त्याच बनावटीची दुसरी गाडी आहे, किंवा जो अशा गाड्यांचा टॅक्सीचा धंदा करतो, त्यास एक मोड ठेवून तिचे भाग वापरणे परवडते. एकच गाडी असलेल्या कुटुंबाने हा व्यापार अंगावर घेऊ नये, असे आमचे मत आहे.

काही भाग तर कोणत्याही भावाने विकू नयेत. अपघातग्रस्त गाडीतील सेफ्टी बेल्ट, एअरबॅग व त्यांचे सेन्सर, तसेच चेपलेली बॅटरी, हे ते भाग. न उघडलेल्या एअरबॅगमध्ये स्फोटक असते. अनभिज्ञ माणसाने ती उपसताना हात गमावल्यास नवल नाही.

शेवटचा हात

येथे तिसरा प्रश्न येतो. मोड आपल्या दारातून गेली, म्हणजे आपले काम संपले, असे नव्हे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी येथील भंगारबाजारात एका विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने उपकरण आले. त्यात किरणोत्सर्गी कोबाल्ट आहे, हे ते फोडणाऱ्यांस कोणी सांगितले नव्हते. अनेक जण आजारी पडले आणि एकाचा प्राण गेला. हायब्रीडची बॅटरी किरणोत्सर्गी नाही, हे खरे. पण न सांगितलेल्या धोक्याची किंमत शेवटी छिन्नी-हातोडा घेऊन बसलेला रोजंदारीचा माणूसच भरतो, हा धडा दोन्हीकडे सारखाच. म्हणून मोड देताना बॅटरी कोठे आहे, कोणत्या जातीची आहे, चेपली आहे काय, हे लिहून द्यावे. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांप्रमाणे निकामी बॅटरी इतर भंगारात मिसळावयाची नसते; ती संकलन किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच सोपवावयाची असते. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी केल्यास मार्ग मिळतो.

दुसरे भय कागदपत्रांचे. मोडलेल्या गाडीचे नोंदणीपुस्तक आणि चॅसीस क्रमांक यांस चोरबाजारात मोल असते. त्याच बनावटीची चोरलेली गाडी त्या क्रमांकावर उभी केली जाते. चोरीच्या गाड्या सुट्या करण्याबद्दल बदनाम झालेला मेरठचा सोतीगंज बाजार पोलिसांनी २०२१ च्या अखेरीस बंद पाडला; पण अशा व्यवहाराची हाव एका बाजाराबरोबर संपत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निरुपयोगी झाली, तर मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. गोव्यात नोंदलेली गाडी बेळगावच्या हद्दीत मोडली, किंवा इंदूरची गाडी वडोदऱ्याजवळ, तरी हे कर्तव्य टळत नाही. मोड परस्पर विमा कंपनीच्या व्यापाऱ्याकडे गेली असली, तरी नोंदणी रद्द झाल्याचा किंवा नावावरून उतरल्याचा दाखला हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

२०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्रे उघडली आहेत. अपघाताने निरुपयोगी झालेली गाडीही तेथे देता येते. केंद्राकडून मिळणारे ठेव-प्रमाणपत्र दाखविल्यास नव्या खाजगी गाडीच्या रस्ता-करात शेकडा २५ पर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. प्रत्यक्षात किती मिळेल, ते आपापल्या राज्याच्या आदेशावर अवलंबून असते. भाव थोडा कमी आला, तरी येथे कागद स्वच्छ राहतात.

आणि गाडी दुरुस्त केली, तर? पुढे ती विकताना अपघाताची गोष्ट खरीदारास सांगावी. अमेरिकेतील राज्यांत पूर्ण नुकसान ठरलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का बसतो. आपल्याकडे खरीदारास पुष्कळसे विकणाऱ्याच्या शब्दावरच विसंबावे लागते. मापांचा कागद, मेगरचा अहवाल, बदललेल्या भागांची बिले ही जपून ठेवून त्याच्यापुढे मांडली, तर थोडा भाव कमी येईल. पण ज्या कुटुंबास आपण गाडी देतो, त्यास ती डोळे उघडे ठेवून घेता येईल.

सारांश

असो. आमच्या म्हणण्याचा गोषवारा असा. खांब, उंबरे व तळ शाबूत, बॅटरी व तारा तपासणीत निर्दोष, नुकसान बाहेरील वस्त्रांपुरते, आणि हायब्रीड जाणणारा कारखाना आटोक्याच्या अंतरावर असेल, तर गाडी अवश्य दुरुस्त करावी. चालती गाडी उगाच मोडीत घालणे हीही नासाडीच आहे. सांगाडा पिळवटलेला असेल, लिथियमची पेटी चेपली असेल, किंवा गाडी पाण्यात बुडून उच्च दाबाच्या पेट्यांत पाणी शिरले असेल, तर मायेचा पाश तोडावा, विम्याची रक्कम घ्यावी, आणि मोड योग्य हाती सोपवावी. दोहोंच्या मधली अवस्था असेल, तर पुरवणी अंदाजपत्रक येईपर्यंत कोणाच्याही घाईस बळी पडू नये.

वडिलांनी किंवा मुलाने कष्टाच्या पैशाने घेतलेली गाडी टाकवत नाही, हे आम्ही जाणतो. तिच्यातून लग्नास जाणे झालेले असते, आजाऱ्यास रुग्णालयात नेणे झालेले असते. पण त्या गाडीने धडकेच्या क्षणी स्वतः चुरडून आतल्या माणसांस वाचविले असेल, तर तिने आपले काम पुरे केले आहे. तिच्याकडून तेच काम दुसऱ्यांदा होईल की नाही, एवढे तपासून पाहणे, आणि होणार नसेल तर त्या आसनावर पुन्हा कोणास न बसविणे, हे घरातील कर्त्या माणसाचे कर्तव्य होय.